सोरट, शंभर चिठ्ठ्या आणि लाल ड्रॅगन

गेल्या महिन्यातली गोष्ट. मंथ-एंडची धावपळ, समोर एक्सेल शीट उघडलेली, बॉस पाठीमागे येरझाऱ्या घालतोय... आणि नेमका तेव्हाच ताईचा फोन!

‘‘तुझ्या भाच्याने आईच्या फोनवरून चार हजार उडवलेत. पाच वेळा सातशे नव्व्याण्णव. पेन्शनच्या खात्यातून! कुठल्याशा गेममध्ये चाक फिरवत होता म्हणे. विचारलं तर म्हणतो, मामापण करतो.’’

मंडळी, ‘मामापण करतो’ ऐकून अस्मादिकांचे कान लाल झाले. कारण मामा खरंच करत होता.

तर आधी कबुलीजबाब. लोकलमध्ये टाइमपास म्हणून मी एक शूटिंगचा गेम खेळायला लागलो. गेम फुकट. पैसे लागतात ते त्यातल्या नटण्यामुरडण्याला. बंदुकीला सोनेरी पॉलिश, पाठीवर पंख, अंगात चमचमता सूट. यातल्या कशानेही नेम सुधारत नाही, फक्त मरताना माणूस जरा बरा दिसतो! हे सगळं सरळ दुकानातून विकत मिळेल तर शपथ. त्यासाठी चाक फिरवायचं. चाकात स्टिकर, टोप्या, पॅराशूट असला किरकोळ माल आणि मधोमध जॅकपॉट, लाल ड्रॅगनवाला सूट.

पहिला स्पिन अर्ध्या किमतीत. दहा एकदम घेतले तर एक फ्री. हिशेब रुपयांत नाही, ‘डायमंड’मध्ये. आणि गंमत बघा, डायमंडचं पाकीट स्पिनच्या किमतीशी कधीच जुळत नाही. प्रत्येक वेळी थोडे डायमंड उरतात, मग ते वाया जाऊ नयेत म्हणून अजून थोडे घ्यायचे. आपल्या आईने साखर संपवायला चहा आणि चहा संपवायला साखर आणली असती तर आपण तिला वेड्यात काढलं असतं!

ताईचा फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा यूपीआयची हिस्टरी खालपर्यंत स्क्रोल केली. ७९ रुपयांचे ३१, ३९९चे २२, ७९९चे ९. चार महिन्यांत एकूण १८,४१८ रुपये. एकही रक्कम अशी नाही की जिच्यापाशी थांबून विचार करावा. पिझ्झाएवढी, फार तर दोन पिझ्झ्यांएवढी. पण बेरीज मात्र एका चांगल्या फ्रिजची!

आणि हो, तो सूट मला मिळाला. बासष्टाव्या पेमेंटनंतर. तीन दिवस हवेत होतो. पुढच्या शुक्रवारी नवीन चाक आलं. निळा ड्रॅगन.

तुम्ही म्हणाल, हा तर सरळ जुगार झाला. मी मात्र स्वतःला जुगारी समजत नव्हतो. मटका, रमी, पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ, ते वेगळे लोक! ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा कॅन्टीनमध्ये ‘बरं झालं’ म्हणणाऱ्यांत मीच पुढे होतो. माझ्या चाकातून रुपया कधी बाहेर आलाच नाही ना, तो फक्त आत गेला. म्हणजे जुगाऱ्याला निदान जिंकायची आशा तरी असते, मला तीही नव्हती!

बाहेरच्या देशांत यावर बरंच काही झालंय. जपानमध्ये ठरावीक वस्तूंचा पूर्ण सेट जमवला की मोठं बक्षीस, अशा प्रकारावर २०१२मध्ये बंदी आली. बेल्जियमच्या नियामकांनी २०१८मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगारच ठरवलं. चीनने २०१७पासून शक्यतेचे आकडे जाहीर करायला लावले आणि तेव्हा ‘काउंटर-स्ट्राइक’च्या पेट्यांचे तिथले आकडे जगाला कळले. चाकूसारखी अतिदुर्मीळ वस्तू मिळण्याची शक्यता ०.२६ टक्के. म्हणजे साधारण ३८५ पेट्यांमागे एक. एका किल्लीचे २.४९ डॉलर धरले तर नुसत्या किल्ल्यांचे साडेनऊशे डॉलरच्या वर!

त्या गेममध्ये निदान वस्तू विकता तरी येतात. ती सोय २०१३पासून आहे, म्हणून काही जण तिला इन्व्हेस्टमेंट म्हणतात. ऑक्टोबर २०२५मध्ये कंपनीने एक अपडेट आणला. कमी दुर्मीळ पाच वस्तू देऊन चाकू मिळवायची सोय झाली आणि चाकूंचे भाव धाडकन कोसळले. दुर्मीळपणा कंपनीच्या हातात, तर भावही तिच्याच हातात. माझा ड्रॅगन तर विकताही येत नाही.

असो. ताईकडे रविवारी ठाण्याला गेलो. आधी आईच्या खात्यात ३,९९५ रुपये टाकले. आईचा यूपीआय पिन म्हणजे नातवाचं जन्मसाल! तो बदलला. मग भाच्यासमोर बसलो. भाचा आठवीत, चेहरा पाडून बसलेला.

ओरडायचा अधिकार मला नव्हताच. मी त्याला सोरटाची गोष्ट सांगितली. आमच्या लहानपणी वाण्याच्या दुकानात पुठ्ठा टांगलेला असायचा. त्यावर कागदाच्या घड्या चिकटवलेल्या. चार आणे द्यायचे, एक घडी फाडायची, आतला नंबर बघायचा. बहुतेकदा फुगा नाहीतर गोळी. सगळ्यात वर प्लॅस्टिकची बॅट. मी त्या बॅटसाठी खाऊचे पैसे किती घालवले त्याला गणती नाही.

‘‘म्हणजे सेमच की, मामा!’’

सेमच वाटतं, पण एक फरक आहे राजा. सोरटाच्या घड्या संपायच्या. शंभरातल्या नव्वद फाटल्या आणि बॅट अजून वर लटकत असेल, तर ती उरलेल्या दहातच असणार. इथे चिठ्ठी काढली की पुन्हा डब्यात जाते. डबा कायम भरलेलाच. ‘एवढे फिरवले, आता लागेलच’ असं जे वाटतं ना, ते सोरटात खरं होतं, चाकात खोटं आहे.

शक्यता एक टक्का असेल तर शंभर स्पिनमध्ये जॅकपॉट नक्की, असं मलाही वाटायचं. कॅल्क्युलेटर काढून दाखवलं. ०.९९चा शंभरावा घात, उत्तर ०.३६६. म्हणजे शंभर वेळा फिरवूनही तिघांतला एकजण, किंबहुना जरा जास्तच, कोरडा राहणार. काही गेम ‘इतक्या वेळांनंतर नक्की’ अशी हमी देतात. मग तो जॅकपॉट कसला? ती एमआरपी झाली, हप्त्याने भरायची.

त्याला पटेना. म्हटलं, करूनच बघू. शंभर चिठ्ठ्या केल्या, एकीवर स्टार काढला, सगळ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. काढायची, बघायची, परत टाकायची.

नवव्यांदा स्टार आला!

‘‘बघ मामा!’’ भाचा उड्या मारायला लागला. माझ्या लेक्चरचा पार बोऱ्या वाजला. मी गप्प. आणि लगेच त्याचं पुढचं वाक्य, ‘‘अजून एकदा काढू?’’

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. हरल्यामुळे माणूस अडकत नाही. कधीतरी, केव्हाही, न सांगता जिंकल्यामुळे अडकतो. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच करून पाहिलं होतं. दाणा कितव्या टोचीला पडेल याचा भरवसा नसला की कबुतर टोचत राहतं. नवव्या चिठ्ठीने भाच्याला धडा नाही शिकवला, पण मला शिकवला.

‘‘काढ की.’’ म्हटलं. त्याने काढल्या. वीस, चाळीस, सत्तर... स्टार काही येईना. पंचाहत्तरीला जांभई दिली.

‘‘मामा, बोअर होतंय. लाइट नाही, म्युझिक नाही, काहीच नाही.’’

‘‘गेममध्ये असतं ना सगळं?’’

‘‘हो ना! चाक कसलं स्लो होतं, ड्रॅगनच्या बाजूलाच थांबतं. असं वाटतं की आता लागलाच असता.’’

म्हटलं, अरे, बटण दाबलंस तेव्हाच सर्व्हरवर निकाल लागलेला असतो. चाक नंतर फिरतं, तुझ्यासाठी. ते ‘थोडक्यात हुकलं’ असं काही नसतं. चिठ्ठी कोरी ती कोरीच, ताऱ्याच्या शेजारी ठेवली काय आणि लांब ठेवली काय.

भाचा थोडा वेळ डब्याकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘‘तुझे किती गेले?’’

ताई किचनमधून ऐकत होती. खोटं बोलायचा फार मोह झाला. पण आकडा सांगितला. पूर्ण. अठरा हजार चारशे अठरा. ताईच्या हातातला झारा तसाच राहिला.

भाचा म्हणाला, ‘‘मग तू मला का नाही सांगितलंस? मला फक्त ड्रॅगन दाखवलास.’’

मंडळी, या प्रश्नावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. आपण सगळेच ड्रॅगन दाखवतो, हिस्टरी कोण दाखवतं?

गेम डिलीट केलेला नाही, लोकलमध्ये अजून खेळतो. पण फोनमधून पेमेंटची सोय काढून टाकलीय, आणि स्टोअरचा पासवर्ड आता ताईकडे आहे. ताईची अट एकच, चाक फिरवायचं असेल तर आधी फोन करून माझ्याकडे पैसे मागायचे.

महिना झाला. अजून एकदाही हिंमत झालेली नाही.