चाव्या कोणाच्या हाती?

खेळाडू मुलींच्या दुखापती, अभ्यास, प्रशिक्षकाविरुद्धच्या तक्रारी बघायला एक प्रेमळ बाई नेमली की भागते, हे मला मान्य नाही. तिच्या हाती अधिकार हवा. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात मुलींचा क्रीडा विभाग स्वतंत्र होता. क्रिस्टीन ग्रँट १९७३ ते २००० त्याच्या संचालक होत्या. १९८३ मध्ये तिथे व्हिव्हियन स्ट्रिंगर ही कृष्णवर्णीय स्त्री बास्केटबॉलची मुख्य प्रशिक्षक झाली. ग्रँट निवृत्त होताच दोन्ही विभाग एका पुरुष संचालकाखाली आले. पुढे तिथल्याच एका वरिष्ठ स्त्री-अधिकाऱ्याशी भेदभाव झाल्याचा निर्णय २०१७ मध्ये ज्यूरीने दिला. मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या महाविद्यालयात जाऊन विचारू या : मुलींच्या संघाचा प्रशिक्षक कोण नेमते? आणि त्याच्याविरुद्ध तक्रार कोण ऐकते?