दुखणे थांबल्यानंतरचे दोन महिने

फुटबॉलपटूला सर्वाधिक वेळा मैदानाबाहेर बसवणारी दुखापत गुडघ्याची किंवा घोट्याची असावी असा सर्वसाधारण समज असला, तरी प्रत्यक्षात हे स्थान मांडीच्या मागील बाजूच्या स्नायूंनी, म्हणजे मैदानावरची मुले ज्यांना सरसकट 'हॅमस्ट्रिंग' म्हणतात त्या तीन स्नायूंच्या गटाने, केव्हाच पटकावले आहे. युरोपातील आघाडीच्या पुरुष क्लबांच्या दुखापतींची नोंद गेली दोन दशके सातत्याने ठेवली जात असून, एकूण दुखापतींमध्ये हॅमस्ट्रिंगचा वाटा 2001-02 च्या हंगामात 12 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 24 टक्क्यांवर गेला. उत्तम डॉक्टर, उत्तम गवत आणि मोजूनमापून आहार उपलब्ध असलेल्या क्लबांची ही स्थिती आहे. याहून चिंतेची बाब अशी की ही दुखापत एकदा झालेल्या खेळाडूला ती पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो, आणि ती उलटते तेव्हा बहुतेक वेळा खेळाडू मैदानावर परतल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतच उलटते.

उस्मान देम्बेले हे याचे ठळक उदाहरण आहे. 2017 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, बार्सिलोनाने त्याला 10 कोटी 50 लाख युरो मोजून घेतले, आणि काही आठवड्यांतच डाव्या मांडीचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तुटल्याने त्याच्यावर फिनलंडमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. जानेवारी 2018 मध्ये तो परतला आणि त्याच महिन्यात त्याच मांडीने पुन्हा दगा दिला. 2020 मध्ये दुसऱ्या मांडीवर शस्त्रक्रिया झाली, आणि बेशिस्त, नाजूक, वाया गेलेला अशी विशेषणे त्याला कायमची चिकटली. हाच खेळाडू 2025 मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनकडून चॅम्पियन्स लीग जिंकून सप्टेंबरमध्ये बॅलन डी'ओरचा, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या सन्मानाचा, मानकरी ठरला. मात्र त्या समारंभाच्या अवघे अडीच आठवडे आधी फ्रान्सकडून खेळताना त्याने पुन्हा मांडी धरली होती, ही नोंद त्या सोहळ्याइतकीच महत्त्वाची आहे.

असे का होते, याचे उत्तर धावण्याच्या क्रियेत आहे. हे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जातात, त्यामुळे ते खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवर एकाच वेळी काम करतात. भरधाव धावताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा, टाच जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी, हाच गट त्या पायाला मागे खेचून आवरतो; म्हणजे स्नायू लांब होत असतानाच त्याला जोर लावावा लागतो. या प्रकारच्या ताकदीला 'प्रसरणातील ताकद' म्हणता येईल, आणि चालताना, जिना चढताना किंवा हलकेच धावताना तिची फारशी गरज पडत नाही. दुखापतीनंतर फाटलेल्या जागी जो व्रण तयार होतो तो मूळ स्नायूपेक्षा ताठर असतो, आणि मेंदूही जणू धास्तावून त्या स्नायूला पूर्ण आज्ञा देत नाही. परिणामी दोन-तीन आठवड्यांत दुखणे थांबते, खेळाडू मैदानाला चार फेऱ्या मारून 'आता काही नाही' असे सांगतो, त्याच्या सांगण्यात खोटेपणाही नसतो, परंतु तो स्नायू पूर्ण लांबीवर कधी तपासलेलाच नसतो. बचावपटूला मागे टाकण्यासाठीची पहिली खरी धाव हीच त्याची पहिली परीक्षा ठरते.

नाशिककरांना या विषयाचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत शिकवणारे उदाहरण फुटबॉलमध्ये नसून क्रिकेटमध्ये, शेजारच्या जिल्ह्यातील श्रीरामपुरात सापडते. झहीर खान याचा जन्म तेथे 7 ऑक्टोबर 1978 रोजी झाला. पुढे मुंबईत सुधीर नाईक यांचे मार्गदर्शन, चेन्नईची एमआरएफ पेस फाउंडेशन आणि बडोद्याचा रणजी संघ असा प्रवास करून 2000 मध्ये तो भारताकडून खेळू लागला. डिसेंबर 2003 मध्ये ब्रिस्बेन कसोटीत त्याने 95 धावांत 5 बळी घेऊन ऑस्ट्रेलियाचा डाव 323 वर रोखला, तेव्हा तो 25 वर्षांचा होता आणि भारताला अखेर डावखुरा वेगवान गोलंदाज मिळाला असे सर्वांना वाटले. मात्र हॅमस्ट्रिंगमुळे लगेच पुढची ॲडलेड कसोटी त्याला खेळता आली नाही, त्याच्या जागी इरफान पठाणने पदार्पण केले, आणि पुढील दोन वर्षे परत येणे, थांबणे, पुन्हा परत येणे अशा फेऱ्यात गेली. 2006 च्या सुरुवातीला पाकिस्तान दौऱ्यानंतर तो कसोटी संघाबाहेर फेकला गेला.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर या कौंटीकडून खेळला. कौंटी क्रिकेट म्हणजे तेथील जिल्हासंघांची चार दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा. तिच्यात गर्दी कमी, प्रसिद्धी त्याहून कमी आणि षटके मात्र भरपूर असतात. दुसऱ्या श्रेणीतील त्या हंगामात झहीरने 78 बळी घेतले, त्यांत एसेक्सविरुद्धचे 138 धावांत 9 बळीही होते. बळींची संख्या मोठी असली तरी त्या हंगामाचे खरे महत्त्व वेगळे आहे. आठवड्यामागून आठवडा सलग गोलंदाजी करताना शरीराला भाराची सवय झाली, आणि हा भार पेलायचा तर धाव व उडी पूर्वीसारखी चालणार नाही, हे त्याने मान्य केले. तरुण झहीरची लांब धाव आणि चेंडू सोडण्यापूर्वीची ती उंच झेप ज्यांनी पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांसमोरून ती जाणार नाही. पण नंतरचा झहीर आखूड धावेने, झेप आवरून, मनगट आणि शिवणीवर विसंबून गोलंदाजी करणारा होता. त्याने काही वेग सोडून दिला आणि त्या बदल्यात चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची, चेंडू जुना झाल्यावर तो हातात झाकून फलंदाजाला अंदाज न देण्याची कला कमावली.

2007 मध्ये ट्रेंट ब्रिजवर 59 धावांत 4 आणि 75 धावांत 5 बळी घेऊन त्याने सामना जिंकून दिला, आणि त्या विजयाच्या बळावर भारताने 1986 नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. 2011 च्या विश्वचषकात त्याचे 21 बळी शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक होते, आणि वानखेडेवरील अंतिम सामन्यात त्याने पहिली तीन षटके निर्धाव टाकली. त्याच वर्षी जुलैमध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी, 13.3 षटकांत 18 धावा देऊन 2 बळी घेतल्यावर, तीच जुनी हॅमस्ट्रिंग धरून तो मैदानाबाहेर गेला आणि त्या मालिकेत परतला नाही. कारकिर्दीअखेर त्याच्या नावावर 92 कसोटींत 311 बळी आहेत. लॉर्ड्सच्या त्या दिवसाने आधीची पाच वर्षे खोटी ठरत नाहीत; 'लय परत मिळाली' या शब्दप्रयोगाचा अर्थ मात्र त्याने तपासायला लावला. झहीरला ब्रिस्बेनची लय कधीच परत मिळाली नाही. त्याने दुसरी लय घडवली, आणि ती घडवायला एक अख्खा हंगाम, प्रसिद्धीपासून दूर, लागला.

वेगावर जगणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या फुटबॉलपटूला हे सांगणे सर्वांत कठीण असते, कारण त्याच्या मते परतणे म्हणजे पूर्वीसारखेच धावणे. प्रशिक्षक आणि पालकही त्याच मापाने त्याला मोजतात. शिवाय निवड चाचणीची तारीख स्नायूच्या सोयीने ठरत नाही. शालेय फुटबॉलचा हंगाम येथे ऐन पावसाळ्यात येतो. चिखलात पाय रुतत असताना धाव आवरावी लागते, आणि पाऊस ओसरला की तीच काळी माती टणक होते. एका हंगामात दोन तऱ्हेच्या जमिनीवर खेळणाऱ्या मुलाच्या मांडीवर येणारा ताण युरोपातील हिरवळीवरच्या ताणापेक्षा वेगळा आहे, आणि त्याचा विचार आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. मूल लंगडत बाहेर आले की त्याच्या मांडीवर थंड फवारा मारला जातो, घरी गरम पाण्याने शेकले जाते, आठवडाभर आराम होतो आणि पुढच्या सामन्यात ते पुन्हा उभे राहते. फिजिओथेरपीच्या पदव्या देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून ज्या शहरात आहे, जेथून कविता राऊतसारखी धावपटू आणि ज्याच्या जिल्ह्यातून दत्तू भोकनळसारखा नौकानयनपटू घडला, तेथे शालेय संघाच्या बाकावर फिजिओथेरपीचा एक विद्यार्थी असू नये, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. अशा विद्यार्थ्यांना स्पर्धांच्या मैदानावर प्रशिक्षणार्थी म्हणून पाठवणे अशक्य आहे असे मानण्याचे कारण दिसत नाही.

त्याआधीही जे करता येईल त्यासाठी खर्च नाही. 'नॉर्डिक' म्हणून ओळखला जाणारा एक व्यायाम आहे. मुलाने जाड सतरंजीवर गुडघे टेकून, पाठ सरळ ठेवून उभे राहायचे, सोबत्याने मागे बसून त्याचे दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि मुलाने गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे शरीर एका रेषेत ठेवून जितके सावकाश जमेल तितके पुढे झुकायचे; तोल सुटला की हात टेकायचे. पहिल्या दिवशी बहुतेकांचा तोल अर्ध्यातच सुटतो आणि दुसऱ्या दिवशी मांडीचा मागचा भाग चांगलाच दुखतो, म्हणून सुरुवात चार-पाच वेळांनी करून आठवड्यागणिक संख्या वाढवावी लागते. यातून नेमकी तीच, लांब होत असताना जोर लावण्याची, ताकद वाढते, आणि हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने तयार केलेल्या वीस मिनिटांच्या 'इलेव्हन प्लस' या सरावपूर्व कार्यक्रमातही त्याचा समावेश आहे. दुखापतीतून परतणाऱ्या मुलासाठी यात आणखी एक भर हवी: दुखणे थांबल्याच्या दिवसापासून दोन महिने त्याच्या नावाची एक साधी वही, जिच्यात तो कोणत्या दिवशी किती मिनिटे खेळला, पूर्ण वेगाच्या किती धावा घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी कशी होती, एवढेच क्रीडाशिक्षकाने लिहायचे, आणि ती वही पाहिल्याशिवाय त्याला पूर्ण सामना खेळवायचा नाही. जून उजाडण्यापूर्वी, शाळांचे संघ निवडले जाण्याआधी, ही सुरुवात एखाद्या शाळेने केली तर ऑगस्टच्या चिखलात तिचा पहिला हिशेब पाहता येईल.