भिंत जाड, वाट बारीक

जुन्या पेठेत खाली दुकान आणि वर घर अशी अनेक व्यापारी कुटुंबे आजही नांदत आहेत. दीड-दोन फूट जाडीच्या विटांच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात आणि पिढ्यांचा भार तोलतात; वाय-फायच्या लहरींना मात्र त्या सहजासहजी वाट देत नाहीत.

अशाच एका घरातील गोष्ट. इंटरनेटची तार रस्त्याकडील खिडकीतून आत आली आणि कारागिराने राउटर तेथेच, खिडकीच्या कोनाड्यात बसवला. धाकटी सून घरून नोकरी करणारी. तिची खोली दोन भिंतींच्या पलीकडे, मागच्या बाजूस. सभा चालू असताना तिचा आवाज तुटे, म्हणून ती लॅपटॉप घेऊन जिन्याच्या पायरीवर बसू लागली. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरताना खाली दुकानातही तीच रखडपट्टी. थोरल्या मुलाने महागडा राउटर आणण्याचे ठरविले. कोणी भिंतीलाच मोठे भगदाड पाडावे असे सुचविले. आजोबा मात्र म्हणाले, “आधी तूट कोठे आहे ते पाहा, मग भांडवल घाला.”

त्यांचे म्हणणे रास्त होते. प्रथम लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजण्यात आला. योजनेत ठरलेला १०० एमबीपीएस वेग जवळजवळ पूर्ण मिळाला. म्हणजे पुरवठादाराकडून माल पुरा येत होता. गळती घरातच होती. येथे वेग कमी भरला असता, तर तक्रार पुरवठादाराकडे करावयाची होती आणि नवा राउटर घेऊन काहीच साधले नसते.

ही गळती कशी होते? लहरीची शक्ती डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी, १० डेसिबल घट म्हणजे एक दशांश. एका भिंतीने १० डेसिबल खाल्ले आणि दुसरीनेही तितकेच, तर पलीकडे शंभरावा भाग उरतो. ही वजाबाकी नव्हे, प्रत्येक भिंतीपाशी होणारा भागाकार आहे. भिंत ओली असल्यास घट आणखी वाढते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा त्यांना अडवतात किंवा परतवतात.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६ सेंटीमीटर असते. पहिली भिंतीतून तुलनेने बरी पार होते, पण तिचा वेग कमी आणि तिच्यावर शेजाऱ्यांची गर्दी फार. दुसरी वेगवान, परंतु जाड विटांपुढे लवकर थकते. म्हणून राउटरच्याच खोलीत ५ आणि भिंतीपलीकडे २.४ वापरणे हिताचे. २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी ज्या वाहिनीवर गर्दी कमी असेल ती निवडावी. या तीन एकमेकींवर चढत नाहीत.

दुसरा उपाय बिनखर्ची आहे: जागा बदलणे. खिडकीतील राउटर निम्म्या लहरी रस्त्याला दान करतो. तो घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी असावा. कपाटात कोंडू नये. लहर भिंतीला काटकोनात भेटेल असेही पाहावे. दोन फुटी भिंत तीस अंशांच्या तिरक्या कोनात ओलांडताना लहरीला सुमारे चार फूट वीट कापावी लागते. उघडे दार सापडले तर त्याहून उत्तम.

तरीही मागची खोली कोरडी राहिली, तर बहुतेक जण रिपीटर आणतात आणि तो नेमका सिग्नल नसलेल्या खोलीत लावतात. ज्याच्या हाती काही येतच नाही, तो पुढे काय देणार? रिपीटर जेथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी हवा. शिवाय साधा रिपीटर एकाच वाहिनीवर घेतो आणि देतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मेश संचातही यंत्रांमधील दुवा बिनतारी असेल, तर भिंतीचा अडसर तसाच राहतो.

जाड भिंतीवरचा खात्रीचा इलाज म्हणजे केबल. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग नेते. ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारून घ्यावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण टिकत नाही. ती विजेच्या तारांच्या नळीतून नेऊ नये. पलीकडच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट बसवावा. घरातील जुना राउटरही त्या कामी येतो. त्यातील डीएचसीपी बंद करावे, नाव आणि पासवर्ड पहिल्याचेच ठेवावे व केबल त्याच्या लॅन खोबणीत जोडावी. दुकानात येणाऱ्यांसाठी मात्र पाहुण्यांचे जाळे वेगळे ठेवावे. हिशेबाचा संगणक त्या जाळ्यात नसावा.

त्या घरात तसेच झाले. राउटर जिन्याजवळच्या माजघरात आला आणि त्यामुळे खालचे दुकानही सावरले. मागच्या खोलीसाठी कपाटातील जुना राउटर झटकून काढला. नवी खरेदी झाली ती केवळ केबलची. घराचा भार पेलणारी भिंत फोडण्याचा विचार सर्वांनीच सोडून दिला. कारागिराने ड्रिलने बोटभर छिद्र पाडले आणि कडेने चुना लिंपला.

आता सूनबाई स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या मेजावर काम करतात. जिन्याची पायरी पुन्हा नातवंडांच्या वाट्याला आली आहे आणि भिंत पूर्वीसारखीच उभी आहे.