ग्रंथालय मोबाईलवर आलं, पण शोधायला शिकवणार कोण?

संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाखाली २०२४-२५ ला पदवीला बसलेली पोरं २०२७ मध्ये चौथ्या वर्षात जातील. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर 'संशोधनासह ऑनर्स' घेता येईल. म्हणजे स्वतःचा संशोधन प्रकल्प लिहायचा. फील्ड प्रोजेक्ट तर त्याआधीच सुरू झालेत. पण संदर्भ कसा शोधायचा, हे या पोरांना शिकवलंय कुणी?

आपल्या ठाणे जिल्ह्यात या प्रश्नाची दोन टोकं दिसतात. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या विद्यार्थ्याने लोकल पकडली की सांताक्रूझला उतरून कलिनाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, चर्चगेटला उतरून राजाबाई टॉवरचं. मुरबाडच्या मुलीला रेल्वेच नाही, एसटीने आधी कल्याण गाठायचं. वरवर बघता बेव्हर्ली पार्कवाल्याची चैन आहे.

पण अंतराची अडचण आता पूर्वीसारखी राहिली नाही. देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो पीएचडी प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचता येतात. आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररीही फुकट. दोन्ही मोबाईलवर उघडतात, मुरबाडलाही आणि बेव्हर्ली पार्कलाही.

महागड्या संशोधन नियतकालिकांची गोष्ट वेगळी. केंद्राने २५ नोव्हेंबर २०२४ ला 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार नियतकालिकं. ऐकायला झकास. मात्र योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. खासगी संस्थांची कॉलेजं त्यात धरलेली नाहीत, आणि आपल्याकडची बहुतेक पोरं तिथेच शिकतात. दुसरं म्हणजे मंजुरी २०२५, २०२६, २०२७ या वर्षांपुरती. संलग्न कॉलेजांची पहिली तुकडी चौथ्या वर्षात पोचेल तेव्हा मुदत संपत आलेली असेल. पुढचं काय, हे आत्ताच विचारायला हवं.

आता शोधण्याचं बघू. खरी गोची इथे आहे. शहापूर-मुरबाडात आपण 'भात' म्हणतो, सरकारी कागदावर 'धान खरेदी' असतं. आपण 'हमीभाव' म्हणतो, तिथे 'किमान आधारभूत किंमत'. आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रांवर प्रकल्प करणाऱ्या पोराने नुसतं 'भात' टाकलं तर निम्मा कागद सापडणारच नाही. बेव्हर्ली पार्कच्या विद्यार्थ्याने भाईंदरच्या मिठागरांवर लिहायचं ठरवलं, तर १८८२ चं ठाणे गॅझेटियर बघावं लागेल. त्यात ठाण्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी आजच्यासारखा 'ई' नाही, 'ए' आहे. भाईंदरही कुठे 'भायंदर' म्हणून सापडतं. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे वसई-जव्हारची जुनी माहितीही ठाण्याच्याच नावाखाली. शब्द बदलून बदलून शोधायचं, एवढीच युक्ती. एखादा बरा प्रबंध हाती लागला की आधी त्याची शेवटची संदर्भसूची वाचायची. तिथून पुढच्या दहा पुस्तकांचा माग लागतो.

हे माहीत नसलं की पोरं सरळ एआयला विचारतात, आणि ते कधी कधी नसलेली पुस्तकंही बेधडक सांगतं. पोरांनाच कशाला हसा? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. खात्याची ही गत, तर एकोणीस वर्षांच्या मुलाचं काय! एआयने सांगितलेलं पुस्तक ग्रंथालयाच्या यादीत किंवा शोधगंगेवर दिसलं तरच लिहायचं, आणि उघडून बघितल्यावरच.

हे शिकवायचं काम ग्रंथपालाचं. पण अनुदानित कॉलेजांत ग्रंथपालाची पदं भरत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे. जिथे ग्रंथपाल आहेत तिथेही त्यांचा वेळ पुस्तकांच्या नोंदी आणि नॅकच्या फायलींत जातो. वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास बहुतेक ठिकाणी नाहीच. पहिल्या सत्रात आठवड्याला एक तास काढायला नवीन इमारत लागत नाही, निधीही नाही. कॉलेजच्या ग्रंथालय समितीत हा विषय घेता येतो. पालकांनी प्रवेशाच्या वेळी फीबरोबर हेही विचारावं: ग्रंथपाल आहे का, आणि तो वर्गावर येतो का?