जुनी चामडी पर्स: टाकण्याआधी आणि देण्याआधी



पावसाळा सरला की आपल्या भागात घरोघरी कपाटे उघडतात. गाद्यांना ऊन दाखवतात, लोकरी कपडे बाहेर येतात आणि वरच्या फळीवरून एखादी जुनी चामड्याची पर्स खाली उतरते. आईची, आत्याची, मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या मावशीची, किंवा दवाखान्यात नर्स असलेल्या आजीची. तिच्यावर पांढरी बुरशी आलेली असते, पट्ट्याची शिलाई उसवलेली असते, आत कुबट वास भरलेला असतो. मग घरात दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, "टाकून दे." दुसरे, "चर्चच्या वस्तुदानात देऊन टाक, कुणा गरिबाला चालेल."

आमचे म्हणणे या दुसऱ्या वाक्याविषयी आहे. नाताळाआधी धर्मग्रामात जमा होणाऱ्या वस्तू निवडण्याचे काम आम्ही स्वयंसेवक करतो. तिथे आलेल्या बॅगा आम्ही उघडतो. "गरिबाला चालेल" हे शब्द बोलताना सोपे वाटतात, पण त्यांचा अर्थ असा होतो की जी वस्तू आपल्या हाताला घाण वाटते ती दुसऱ्याच्या हाताला वाटणार नाही. हे ख्रिस्ती दान नव्हे. आपल्या कपाटातला कचरा आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला, एवढेच त्यातून घडते. म्हणून आमचे साधे मत असे: चांगल्या चामड्याची जुनी पर्स टाकण्याआधी दुरुस्त करावी, आणि देण्याआधी स्वच्छ करावी. दोन्ही कामे बहुतांशी घरच्या घरी होतात.

कुणी म्हणेल, देवाच्या वचनावर लिहायचे सोडून हे पर्सचे काय काढले? यशयाच्या तिसऱ्या अध्यायात सियोनच्या गर्विष्ठ स्त्रियांच्या नट्ट्यापट्ट्याची यादी आहे, आणि तिच्यात दागिन्यांबरोबर बटवेही आहेत. ती ताकीद खरी आहे. पण संदेष्ट्याचा राग मिरवण्यावर आहे, जपण्यावर नाही. दर सणाला नवी पर्स घेणे आणि चाळीस वर्षांपूर्वीची पर्स शिवून वापरणे यांत नट्टापट्टा कुठला, हे आपले आपण ठरवावे. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून (योहान 6:12). ज्याच्या शब्दाने भाकरी वाढली त्यालाही तुकडे टाकून देणे पटले नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरा-आणि-फेका संस्कृतीविषयी जो इशारा दिला, त्याचे मूळही इथेच आहे.

चामडे म्हणजे काय

बायबलच्या काळातले लोक चामड्याला आपल्यापेक्षा चांगले ओळखत होते. जुन्या बुधल्यात नवा द्राक्षारस घालू नये, हा दाखला (मत्तय 9:17) त्यांना समजावून सांगावा लागला नाही. जुने कातडे ताणले जात नाही, फाटते, हे सगळ्यांना ठाऊक होते. स्तोत्र 119 मध्ये भक्त स्वतःला धुरात टांगलेल्या बुधल्याची उपमा देतो (वचन 83): सुकलेला, काळवंडलेला, आक्रसलेला.

हे का होते? कातडे तंतूंचे बनलेले असते. ते कमावताना तंतूंमध्ये तेलकट अंश मुरवलेला असतो, म्हणून ते वाकते. वर्षे गेली, कोरडी हवा व उष्णता लागली की तो अंश कमी होतो, तंतू एकमेकांवर घासतात आणि भेगा पडतात. उलट, हवेत ओलावा 65 ते 70 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. गोवा, बेळगाव, खानापूर इकडच्या पावसाळ्यात हे ठरलेलेच. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या बंधुभगिनींची तक्रार उलटी: तिकडच्या उन्हाळ्यात चामडे तडकते.

आधी ओळखा

पहिले काम म्हणजे पर्स खरोखर चामड्याची आहे का ते पाहणे. रेक्झिनच्या किंवा कृत्रिम लेप दिलेल्या पर्सचे पापुद्रे सुटू लागले की ती परत नीट होत नाही. दमट हवेत तो लेपच विरतो. तिच्यावर पैसे घालू नका आणि ती दानातही देऊ नका. खऱ्या चामड्याची कडा पाहिली तर तंतू दिसतात. आतल्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब वर तसाच राहिला तर वरून लेप आहे, आणि ओलसर फडके चालेल. थेंब मुरून डाग गडद झाला तर चामडे उघडे आहे. तिथे पाणी अगदी बेताने. मखमली अंगाचे स्वेड असेल तर पाणी नकोच. मऊ ब्रश आणि पेन्सिलचा स्वच्छ पांढरा खोडरबर एवढेच.

पर्सला हात लावल्यावर तांबूस पूड बोटांना लागत असेल तर ते झाडाच्या सालीने कमावलेले जुने चामडे कुजू लागले आहे. हे नुकसान भरून येत नाही. तेल लावल्याने ते फक्त काळे पडते. अशी पर्स आठवण म्हणून सुती कापडात गुंडाळून ठेवावी. सापा-मगरीच्या कातडीची जुनी पर्स निघाली तर ती विकायला काढू नये. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो.

मग स्वच्छ करा

बुरशी असेल तर पर्स घराबाहेर न्या, तोंडाला रुमाल बांधा आणि मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झटका. ब्रश पुन्हा दुसऱ्या चामड्यावर वापरू नका. मग पर्स मोकळ्या हवेत, सावलीत ठेवा. उरलेले डाग पुसायला सर्जिकल स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडके नुसते दमट करावे, पण आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी करून पाहावे. स्पिरिटने रंग सुटू शकतो.

आतले अस्तर बाहेर ओढून कोपऱ्यांतली धूळ झटका. जुनी तिकिटे, औषधाची चिठ्ठी, प्रार्थनेचे कार्ड सापडेल, ते घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. वास जात नसेल तर खाण्याचा सोडा सुती फडक्यात बांधून ती पुरचुंडी पर्समध्ये ठेवा आणि पर्स दोन-तीन दिवस झाकून ठेवा. अत्तर शिंपडून वास जात नाही, दोन वास होतात.

बाहेरून पुसायला सॅडल सोप मिळाला तर उत्तम. नाहीतर लेप असलेल्या चामड्याला सौम्य साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने, मग कोरड्याने. ओले चामडे उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका, आक्रसून कडक होते. पूर्ण सुकल्यावर लेदर कंडिशनरचा अगदी पातळ हात द्या, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसा. दोनदा थोडे लावणे हे एकदा भरपूर लावण्यापेक्षा केव्हाही बरे.

खोबरेल तेल लावू नका, हे आग्रहाने सांगतो, कारण आपल्याकडे प्रत्येक आजाराला तेच औषध असते. त्याने चामडे काळवंडते, धूळ धरते, पुढे तेल खवट होते आणि बेळगावच्या थंडीत ते पर्सवरच गोठते. बुटाचे पॉलिशही नको. बूट कपड्यांना घासत नाहीत, पर्स घासते आणि साडीला रंग लागतो.

पितळी बक्कल चिंचेने किंवा लिंबाने घासण्याचा मोह होईल. ते आंबट पाणी चामड्यात गेले तर डाग कायमचा. बक्कलाखाली जाड कागद सरकवून कोरड्या फडक्यानेच घासा. जिथे पितळ चामड्याला टेकते तिथे हिरवट मेणासारखा थर येतो, तो लाकडी काडीने कोरडाच खरवडावा.

मुठीवरचा गडद झालेला भाग मात्र पूर्ण निघणार नाही. तो मातीचा डाग नाही, वर्षानुवर्षांच्या हाताचा आहे. त्याला घासून फाडण्यापेक्षा तसाच राहू द्यावा.

शेवटी पर्समध्ये जुना सुती कपडा भरून आकार द्या. छापील वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. उशीच्या जुन्या अभ्र्यात ठेवा.

शिलाईसाठी योग्य दारात जा

उसवलेला टाका घरी घालता येतो: मेण लावलेला जाड दोरा, दोन सुया आणि जुनीच भोके. पण पट्टा तुटला, चेन गेली, कड सुटली तर चप्पल शिवणाऱ्या दादांकडे जावे. आणि इथे आमच्या मताचा दुसरा, थोडा बोचणारा भाग येतो.

आपण त्यांच्याशी कसे बोलतो? मॉलमधल्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, तासभर वाकून केलेल्या शिलाईच्या पैशांतून वीस रुपये कमी करून घेतो. "अहो" ऐवजी "ए" म्हणतो. यामागे फक्त कंजुषी नाही. चामड्याला हात लावणाऱ्याला कमी लेखण्याची आपल्या समाजाची जुनी सवय आहे आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती प्रत्येक घरातून धुतली गेली आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आपल्या मंडळ्यांत अशी कुटुंबे आहेत ज्यांच्या आजे-पणजांनी हेच काम केले, आणि अशीही ज्यांना तो विषय निघालेला आवडत नाही.

प्रेषितांची कृत्ये उघडून पाहा. पेत्र यापोमध्ये बरेच दिवस राहिला तो शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी (9:43). यहुदी नियमाप्रमाणे कातडी कमावण्याची जागा नगरापासून पन्नास हात दूर असावी लागे, वासामुळे आणि मेलेल्या जनावरांच्या संबंधामुळे. शिमोनाचे घर समुद्रकाठी होते (10:6). ज्याला प्रभूने किल्ल्या दिल्या तो त्या घरात जेवला, झोपला. आणि देवाने शुद्ध केलेले तू अशुद्ध मानू नकोस, हा दृष्टान्त पेत्राला त्याच घराच्या छपरावर झाला. परराष्ट्रीयांसाठी सुवार्तेचे दार उघडले ते तिथून. आपण आज ख्रिस्ती आहोत त्यात त्या छपराचा वाटा आहे.

मराठीत नवा करार प्रथम छापणाऱ्या विल्यम केरी यांचेही उदाहरण घ्या. 1811 साली सेरामपूरहून तो प्रसिद्ध झाला. हे केरी तरुणपणी इंग्लंडमधल्या खेड्यात बूट शिवत असत. आणि आपल्या सीमाभागापुरते बोलायचे तर कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे मिळून आहे. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने चामडे कमावणाऱ्या हातांनी सीमेच्या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या आहेत. तेव्हा त्या दादांचे नाव विचारा, "अहो" म्हणा, मागतील ते पैसे द्या.

आणि मग सोडून द्या

जपणे आणि जीव अडकवणे यांत फरक आहे. प्रभूने जीर्ण न होणाऱ्या थैल्या करून ठेवायला सांगितले, आणि त्याच वचनात आधी आपले ते विकून दानधर्म करायला सांगितले (लूक 12:33). आपण कितीही कंडिशनर लावले तरी कपाटातली प्रत्येक थैली एक दिवस जीर्ण होणारच. म्हणून पर्स स्वच्छ झाली, शिवून झाली की स्वतःला विचारावे: ही मी वापरणार आहे का? वापरणार असाल तर आनंदाने खांद्याला लावा, मिस्साला घेऊन या. नसाल तर द्या. पण अशी द्या की घेणाऱ्या बहिणीने ती तिथेच उघडली तरी तुम्हाला मान खाली घालावी लागू नये. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला, नोकरीच्या पहिल्या दिवशी निघालेल्या तरुणीला तिचा उपयोग होईल.

25 ऑक्टोबर हा संत क्रिस्पिन आणि क्रिस्पिनियन यांचा सण. परंपरा सांगते की हे दोघे दिवसा सुवार्ता सांगत आणि रात्री जोडे शिवत. चामड्याचे काम करणाऱ्यांचे ते आश्रयदाते संत. पाऊस नुकताच सरलेला असतो, आगमनकाळ अजून महिनाभर दूर असतो. आमची विनंती आहे की त्या आठवड्यात प्रत्येक घराने एक जुनी चामडी वस्तू काढावी, पुसावी, शिवून घ्यावी, आणि त्या संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत, ज्यांनी ती शिवली त्यांचे नाव घ्यावे. नाताळच्या वस्तुदानाची पेटी त्यानंतर भरू या.

प्रभू आपल्या हातांच्या कामाला यश देवो. आमेन.