रिकाम्या क्रेटचा हिशेब

आपल्या व्यापारात मालाचा हिशेब जितक्या काटेकोरपणे ठेवला जातो, तितक्या काटेकोरपणे बारदानाचा ठेवला जात नाही, ही गोष्ट कोणाही अनुभवी व्यापाऱ्यास मान्य व्हावी. माल रवाना झाला की त्याचे वजन, दर, हमाली, तोलाई हे सारे खतावणीस लागते. परंतु ज्या गोणीतून तो गेला ती गोणी परत आली किंवा नाही, याची नोंद बहुधा दिवाणजींच्या स्मरणातच राहते. गोणी स्वस्त होती तोवर हे चालून गेले. भाजीपाल्याच्या व्यापारात आता तिची जागा पुष्कळ अंशी जाड प्लास्टिकच्या क्रेटने घेतली आहे. क्रेट वर्षानुवर्षे टिकतो, त्यात भाजी दबत नाही, धुऊन तो पुन्हा वापरता येतो. आणि नेमक्या याच गुणांमुळे तो ज्याच्या हाती पडतो त्यास सोडवत नाही.

बेळगावचा भाजीपाला चोर्ला घाटाने गोव्यास उतरतो, हे आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचे आहे. भरलेला क्रेट शेतकऱ्याकडून अडत्याकडे, तेथून ट्रकवाल्याकडे, मग म्हापसे किंवा मडगाव येथील घेणाऱ्याकडे आणि अखेर किरकोळ विक्रेत्याच्या दुकानी जातो. भरून जाताना त्याच्याकडे सर्वांचे लक्ष असते. रिकामा झाला की तो कोणाचाच राहत नाही. दोनशे गेले, एकशे ऐंशी आले, "बाकीचे पुढच्या खेपेस" असे सांगण्यात आले, की विषय तेथेच संपतो. वर्षअखेर ही बाकी कोणाच्या नावावर टाकावी हे ठरविणारा कागद कोणापाशीच नसतो.

अशा वस्तूंचा माग ठेवण्यासाठी रेडिओ-लहरींचा टॅग, म्हणजे आर.एफ.आय.डी., वापरावा असा आग्रह आता यंत्रविक्रेते पेढ्यांच्या दारी येऊन धरू लागले आहेत. ही वस्तू आपणांस अपरिचित नाही. फेब्रुवारी २०२१ पासून चारचाकी वाहनांस जो फास्टॅग सक्तीचा झाला, तो याच जातीचा. त्यात बॅटरी नसते. वाचनयंत्राने सोडलेल्या लहरींतूनच त्यास क्षणभराची शक्ती मिळते आणि तो आपला क्रमांक परत पाठवितो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्या देशात या कामासाठी २००५ पासून परवान्यावाचून खुला आहे. प्रत्येक क्रेटवर असा एक टॅग बसविला आणि दाराशी वाचनयंत्र लावले, म्हणजे ट्रक आत येताच कोणकोणते क्रेट आले हे न मोजता कळते.

याचा खरा लाभ कोणता, हे नीट समजून घ्यावयास हवे, कारण विक्रेते चोरी पकडण्याचीच गोष्ट फार सांगतात. समजा, एखादी पेढी रोज दोनशे क्रेट धाडते आणि प्रत्येक क्रेट चार दिवसांनी परत येतो. तिला आठशे क्रेट पुरतात. हीच फेरी सहा दिवसांची झाली, की बाराशे लागतात. एकही क्रेट चोरीस गेला नाही, तरी चारशे नवे क्रेट विकत घ्यावे लागतात, आणि मालक मात्र "क्रेट हरवतात" असे म्हणत राहतो! आजच्या मोजणीत एकूण आकडा तेवढा दिसतो. कोणता क्रेट कोणाच्या अंगणात किती दिवस पडून आहे, हे त्यातून कधीच दिसत नाही. टॅग नेमके तेवढेच दाखवितो, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते थोडे नव्हे. उधारी किती हे कळणे निराळे, आणि कोणाची किती दिवसांची हे कळणे निराळे. बारदानालाही हाच न्याय लागतो.

यंत्राच्या मर्यादाही विक्रेत्याने सांगितल्याखेरीज राहू नयेत. पाणी या लहरी शोषून घेते व धातू त्या परतवितो. ओल्या मेथीने वा कोबीने भरलेल्या क्रेटांची थप्पी दारातून जाताना आतील काही टॅग वाचले न जाणे संभवते. तेलाच्या पत्र्याच्या डब्यांबाबतही साधा कागदी टॅग निरुपयोगी ठरतो. रिकामे, कोरडे प्लास्टिकचे क्रेट मात्र हे यंत्र उत्तम वाचते. म्हणून ज्यास प्रयोग करावयाचा असेल त्याने पहिले वाचनयंत्र माल रवाना होतो त्या दारी न लावता रिकामे क्रेट परत येतात व धुतले जातात तेथे लावावे. रवानगीची नोंद चलनावर असतेच, परतीची नसते.

तथापि टॅग क्रेटास परत आणीत नाही, ही गोष्ट मला आग्रहाने मांडावयाची आहे. अमेरिकेत २००६ साली आय.जी.पी.एस. नावाची कंपनी निघाली. माल ठेवण्याची प्लास्टिकची पॅलेट ती भाड्याने देई आणि प्रत्येक पॅलेटमध्ये टॅग बसविलेले असत. जून २०१३ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. तिच्या अडचणींची कारणे अनेक होती, परंतु परत न आलेली पॅलेट हे त्यांतील एक होते. पुढे नव्या मालकांनी ती सावरली. टॅग होते, क्रमांक होते. पण ज्याच्या गोदामात वाचनयंत्र नाही आणि ज्याच्याशी करार नाही, त्याच्या दारी गेलेली वस्तू मुकीच असते. उलट मुंबईचा जेवणाचा डबा झाकणावरील रंगीत खुणांच्या बळावर संध्याकाळी घरी परततो, कारण परत आणणे हा त्या सेवेचाच अर्धा भाग आहे.

दुसरा धडा खर्चाचा. २००३ साली वॉलमार्टने आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांस जानेवारी २००५ पासून पेट्यांवर व पॅलेटवर टॅग लावण्यास फर्माविले. टॅगचा व यंत्रांचा खर्च पुरवठादारांनी सोसावयाचा आणि साठ्याची माहिती मुख्यतः खरेदीदाराच्या उपयोगी पडावयाची, असा तो मामला होता. पुरवठादार नाखूष राहिले. त्याच समूहाच्या सॅम्स क्लबने २००८ मध्ये टॅगविरहित पॅलेटवर दोन डॉलरांचा आकार जाहीर केला. वर्षभरातच तो बारा सेंटांवर आणावा लागला. उद्या एखाद्या मोठ्या साखळी-दुकानाने आपल्या लहान अडत्यांस असेच फर्मान काढले, तर एकटी पेढी काय उत्तर देणार?

यास्तव माझे मत असे आहे की, यंत्राच्या आधी आपल्या संघाने क्रेट सामाईक करण्याचा विचार करावा. याचे उदाहरण जुने आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने ऑस्ट्रेलियात मागे ठेवलेली माल हाताळण्याची सामग्री तेथील सरकारने एकत्र करून एक सामाईक साठा उभारला. १९५८ मध्ये तो ब्रॅम्बल्स या खाजगी कंपनीने घेतला आणि आज 'चेप' या नावाची निळी पॅलेट जगभर भाड्याने फिरतात. ती विकली जात नाहीत, रंगावरूनच मालक ओळखू येतो. आपल्याकडे प्रत्येक पेढीचे निराळ्या मापाचे, निराळ्या रंगाचे क्रेट असल्याने गोव्याहून परतणारा ट्रक एकाचे घेतो व दुसऱ्याचे तेथेच टाकून येतो. एकच माप, एकच रंग झाला तर परतीचा कोणताही ट्रक कोणतेही क्रेट आणू शकेल.

त्यासोबत प्रति क्रेट अनामत ठरवावी लागेल, आणि ती नाममात्र नसावी. नव्या क्रेटच्या किमतीहून अनामत फारच कमी असली, तर ती अनामत न राहता क्रेट विकत घेण्याचा सवलतीचा दर होऊन बसते. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे अशी अनामत मोबदल्यात वळती करून घेईपर्यंत ती पुरवठ्याची किंमत गणली जात नाही, म्हणून त्या बाजूने भिण्याचे कारण दिसत नाही. वही मात्र निराळी ठेवावी. क्रेट किती दिवसांत परत यावा, मुदत उलटल्यास रोजचे भाडे किती, मोडका क्रेट कोणाच्या नावावर, हे तीन मुद्दे कागदावर आले की मग टॅग कामाचा. वाद होईल तेव्हा तो साक्षीदार म्हणून उभा राहील.

एक शंका काही सभासद खाजगीत बोलून दाखवितात, ती मला योग्य वाटते. कोणाचे किती क्रेट कोणत्या दुकानी गेले, ही नोंद म्हणजे त्या पेढीच्या गिऱ्हाइकांची यादीच होय. ती यंत्रविक्रेत्याच्या ताब्यात राहता कामा नये, आणि संघाच्या एका सभासदास दुसऱ्याची दिसताही कामा नये. संघाच्या कचेरीत केवळ क्रेटचा क्रमांक, गेल्याचा दिवस व आल्याचा दिवस एवढेच असावे. गिऱ्हाइकाचे नाव ज्याच्या त्याच्या वहीत. यंत्राचा करार करताना हे कलम पहिल्याच पानावर घालून घ्यावे, आणि विक्रेता त्यास कबूल नसेल तर तूर्त पाचशे क्रेटांवर रंगाने क्रमांक टाकून, हाताने नोंद ठेवून, एका हंगामापुरता प्रयोग करून पाहावा.