मताचे मूल्य आणि आमची जबाबदारी

१९१९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, ज्यांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता ते आमचे आजे-पणजे मतपेटीपुढे पाटलाच्या बरोबरीने उभे राहिले. हे मत आम्हाला कुणी दान दिलेले नाही.

आज मतपेटीच्या जागी यंत्र आले आहे. त्यात फेरफार होत असेल, ही शंका आमच्या समाजात वारंवार व्यक्त होते. शंका घेणे हा नागरिकाचा हक्कच आहे. या यंत्राची रचना इंटरनेटच्या जोडणीविना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर टप्प्याटप्प्याने त्याला कागदी चिठ्ठीची जोड मिळाली, आणि २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा पाहिला जातो. ही पडताळणी वाढवावी, अशी मागणी खुशाल करावी. परंतु चोर यंत्रापाशीच येतो असे नाही; तो त्याआधीच मतदाराच्या मनात शिरतो.

एप्रिल २०२४ मध्ये, ऐन निवडणुकीत, केंद्रीय गृहमंत्र्यांच्या भाषणाची फेरफार केलेली चित्रफीत देशभर पसरली. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण रद्द करण्याची घोषणा ते करीत आहेत, असा आभास तीत निर्माण केला होता. दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदविला. त्या पक्षाविषयी आमचे मत काय, हा येथे प्रश्न नाही. आमच्या जिव्हाळ्याच्या विषयावर खोटे रचले गेले, म्हणूनच ते आमच्यात सहज खपण्याजोगे होते. आज सोयीचे खोटे आम्ही चालवून घेतले, तर उद्या आमच्याच नेत्याच्या तोंडी मतदानावर बहिष्काराचे शब्द घातले जातील, तेव्हा कोणत्या तोंडाने निषेध करणार?

आमच्यापैकी ज्यांनी परकीय नागरिकत्व घेतले, त्यांना भारतात मत नाही. पारपत्र राखलेल्यांना २०१० च्या दुरुस्तीने ते मिळाले, पण गावी जाऊनच देता येते. तरीही आमच्या शब्दाला गावी वजन आहे. परदेशातल्या शिकलेल्या दादाने पाठविले, म्हणजे ते खरेच असणार, असे भाबडेपणाने मानले जाते.

ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव म्हणून स्वीकारू नये, ही कालाम सुत्ताची शिकवण आम्ही मुलांना देतो. मोबाईल हाती असतानाही ती पाळू या. मूळ भाषण कोठे, केव्हा झाले, हे पाहिल्याविना काही पुढे धाडू नये. धाडायचेच असेल, तर आप्तांना एवढेच कळवावे: मतदारयादीत आपले नाव आहे का, ते आजच पाहा.

जय भीम!